पॅनल लावलं, कोड चालतोय, तरी सिग्नल वाढत नाही: आयआरएसच्या प्रयोगात चूक कुठे शोधायची

"मॅडम, पॅनल कामच करत नाहीये."

दरवर्षी प्रोजेक्टचा दुसरा रिव्ह्यू जवळ आला की हे वाक्य माझ्या कानावर येतं. बोर्ड छापून आलेला असतो, डायोड सोल्डर करून झालेले असतात, लॅपटॉपवर पायथनचा कोड पळत असतो, पॅनलवरचे एलईडी नमुना दाखवत असतात. रिसीव्हरवरचा आकडा मात्र जागचा हलत नाही. दुसरी तक्रार याहून जास्त छळते: "काल पंधरा डीबी वाढ मिळाली होती. आज काहीच बदललेलं नाही, तरी दोनच." (डीबी, म्हणजे डेसिबल, हे पॉवर किती पट झाली याचं माप: दहा डीबी म्हणजे दहा पट, वीस म्हणजे शंभर पट.)

मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मायक्रोवेव्हची प्रयोगशाळा सांभाळते. इंटेलिजंट रिफ्लेक्टिंग सर्फेस, म्हणजे आयआरएस, रेडिओ लहरी हव्या त्या दिशेला परतवणारं पॅनल, हा विषय गेल्या काही वर्षांत मुलांच्या आवडीचा झाला आहे आणि त्याच त्या अडचणी दर वर्षी नव्याने येतात. त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते. बहुतेक वेळा पॅनल धडधाकट असतं. चूक असते मांडणीत, मोजण्यात, किंवा तुलना कशाशी केली यात. त्यामुळे पहिली विनंती ही, की ऑप्टिमायझेशनच्या कोडला इतक्यात हात लावू नका.

आमचं पॅनल १६ ओळी आणि १६ स्तंभांचं, म्हणजे २५६ घटकांचं आहे. प्रत्येक घटक हा एफआर-४ (नेहमीच्या फायबरग्लास सर्किट) बोर्डावरचा तांब्याचा छोटा चौकोन. मागे सलग तांब्याचा थर आणि चौकोनाला जोडलेला एक पिन डायोड, म्हणजे करंटने चालू-बंद होणारा स्विच. डायोड बंद असताना घटक आलेली लहर एका फेजने (चढ-उताराच्या टप्प्याने) परतवतो, चालू असताना जवळपास १८० अंश वेगळ्या फेजने. दोनच अवस्था, म्हणून एक-बिट. ५.८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५.१७ सेंटिमीटर, घटक तिच्या निम्म्या अंतरावर, त्यामुळे पॅनलची बाजू साधारण ४१ सेंटिमीटर.

लहानपणी आपण आरशाने समोरच्या भिंतीवर कवडसा पाडायचो. पॅनलही तेच करतं. फरक एवढाच की कवडसा हलवायला आरसा फिरवावा लागतो आणि इथे पॅनल जागच्या जागी राहून २५६ तुकड्यांच्या फेज बदलतं. स्वतःची ऊर्जा ते हवेत सोडत नाही. ढोल-पथकात सगळे एका ठेक्यावर वाजले तर आवाज जसा अंगावर येतो, तसं सगळ्या घटकांकडून आलेल्या लहरी रिसीव्हरपाशी एका फेजमध्ये जुळल्या की पॉवर घटकांच्या संख्येच्या वर्गाने वाढते. जुळल्या नाहीत तर सरासरीने नुसती संख्येच्या प्रमाणात. २५६ घटकांसाठी या दोन टोकांत २४ डीबीचं अंतर आहे. तुमचा सगळा खटाटोप या २४ डीबीसाठी चाललेला असतो, आणि एक-बिटमुळे त्यातले ३.९ डीबी आधीच वजा होतात. दोन-बिट केलं तर हा तोटा ०.९ डीबीवर येतो.

वाढ कशाच्या तुलनेत?

मुलांच्या अपेक्षा शोधनिबंधांतल्या आकड्यांवर बेतलेल्या असतात. सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या छिंगछिंग वू आणि रुई झांग यांच्या २०१८-१९ मधल्या लेखांनंतर आयआरएस हे नाव रुळलं आणि मग प्रत्यक्ष पॅनलांचे आकडे येऊ लागले. वूहानच्या ह्वाझोंग विद्यापीठाच्या गटाने ५.८ गिगाहर्ट्झवर ११०० घटकांचं पॅनल केलं. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये ३० सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची भिंत असताना त्यांना २६ डीबी वाढ मिळाली. हा २६ चा आकडा प्रत्येकाच्या पाठ असतो. तो कशाच्या तुलनेत आहे, हे मात्र विचारलं तर वर्गात शांतता पसरते. त्यांनी पॅनलच्या जागी तांब्याचा पत्रा ठेवून तुलना केली होती. आणि थेट वाट भिंतीने अडवलेली होती.

एमआयटीच्या आरफोकस या प्रयोगात, २०२० साली, ६ चौरस मीटरच्या पृष्ठभागावर ३,२०० छोट्या अँटेना होत्या, म्हणजे वूहानच्या जवळजवळ तिप्पट. तिथे सिग्नल मध्यकाने ९.५ पट वाढला. डीबीत सांगायचं तर दहाच्याही आत. यावरून कोणतं पॅनल चांगलं हे ठरत नाही, कारण परिस्थितीच वेगळी. पॅनल नसताना रिसीव्हरला मुळात किती मिळत होतं, यावर वाढीचा आकडा उभा असतो.

आता आमच्याच चौघांच्या एका गटाची गोष्ट. त्यांची तुलना 'पॅनल चालू' आणि 'पॅनल बंद' अशी होती. बंद म्हणजे सगळे डायोड बंद, सगळे घटक शून्यावर. वरवर पाहता यात काहीच चूक वाटत नाही. पण बंद पॅनल म्हणजे रिकामी भिंत नव्हे. ते ४१ सेंटिमीटरचं सपाट परावर्तक आहे, चांगल्यापैकी आरसा आहे. आणि या मुलांनी ट्रान्समीटरचा हॉर्न (कर्ण्यासारखा) अँटेना डावीकडे ३० अंशांवर, रिसीव्हर उजवीकडे ३० अंशांवर ठेवला होता. नेमका आरशाचा कोन! त्या जागी बंद पॅनलचाच कवडसा पडत होता. कोडने शोधलेला सर्वोत्तम नमुना आणि बंद अवस्था यांत एका डीबीचाही फरक येत नव्हता, कारण त्या मांडणीत सर्वोत्तम नमुना म्हणजे जवळपास सगळे शून्यच. पॅनल अचूक काम करत होतं आणि मुलं त्याला नापास करत होती.

म्हणून तीन मोजमापं घ्या. एक, पॅनल जागेवरून पूर्ण काढून. दोन, त्याच जागी त्याच मापाचा धातूचा पत्रा ठेवून. तीन, पॅनलवर यादृच्छिक नमुने टाकून त्यांची सरासरी. तांब्याचा पत्रा महाग पडत असेल तर पुठ्ठ्यावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल सुरकुती न पडता चिकटवा, तेवढं पुरतं. बारीक धातूची जाळीही चालते. भोकं तरंगलांबीपेक्षा बरीच लहान असली की लहरीला ती दिसत नाहीत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या याच तत्त्वावर तारांच्या जाळीच्या केलेल्या आहेत, त्यामुळे वारा आरपार जातो आणि रेडिओ लहर परतते. अहवालात तिन्ही आकडे लिहा आणि रिसीव्हर आरशाच्या कोनापासून निदान १५-२० अंश बाजूला घ्या. पॅनलचं खरं कसब तिथेच दिसतं, कारण तिथे सपाट पत्रा काही करू शकत नाही.

थेट वाट उघडी आहे का?

हे गणित वहीत एकदा करून पाहिलंच पाहिजे, कारण निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

पॅनलमार्गे रिसीव्हरला जास्तीत जास्त किती पॉवर पोचेल? पॅनलचं क्षेत्रफळ घ्या, त्याला ४π आणि दोन्ही अंतरांच्या गुणाकाराने भागा, उत्तराचा वर्ग करा. आमचं क्षेत्रफळ ०.१७१ चौरस मीटर. हॉर्न ते पॅनल ३ मीटर, पॅनल ते रिसीव्हर ४ मीटर धरलं तर उत्तर उणे ५९ डीबीच्या आसपास येतं. एक-बिटचे ३.९ आणि डायोड व एफआर-४ मधल्या नुकसानीचे दोनेक डीबी वजा केले की उणे ६५. अँटेनांचा गेन (एका दिशेला ताकद एकवटण्याचं प्रमाण) दोन्हीकडे सारखाच धरून मी तो बाजूला ठेवला आहे.

आता थेट वाट. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यात ५ मीटर मोकळी हवा असेल तर ५.८ गिगाहर्ट्झला उणे ६१.७ डीबी. म्हणजे थेट वाटेने येणारी लहर पॅनलच्या उत्तमोत्तम लहरीपेक्षा मुळातच मोठी आहे! दोन्ही अगदी फेजमध्ये जुळल्या तरी एकूण वाढ साडेचार डीबीच्या पुढे जात नाही. जगातला कुठलाही अल्गोरिदम आणा, या मांडणीत पंधरा डीबी मिळणार नाहीत. तीच थेट वाट ३० डीबीने अडवा, की ती उणे ९२ वर जाते, पॅनलचे उणे ६५ तसेच राहतात, आणि तेच पॅनल, तोच कोड २६-२७ डीबी वाढ दाखवतो.

अडवायला लोखंडी कपाट उत्तम. प्लायवूडचं पार्टिशन उपयोगाचं नाही, लहर त्यातून आरामात जाते. आणि हॉर्नचं तोंड पॅनलकडे असलं तरी त्याचे बाजूचे लोब (बाजूंना सांडणारे छोटे किरण) रिसीव्हरपर्यंत पोचतात हे लक्षात असू द्या.

पॅनलचा वाटा वेगळा काढून पाहा

माझ्या मते ही सगळ्यांत मोलाची चाचणी आहे, आणि ती पाच मिनिटांत होते. व्हीएनएवर (वेक्टर नेटवर्क ॲनालायझर, लहरीची ताकद आणि फेज दोन्ही मोजणारं उपकरण) फेजसकट मोजमाप घ्या. आधी सगळे घटक शून्यावर, मग सगळे एकवर. दोन अवस्थांत पॅनलकडून येणारी लहर उलटी होते. थेट लहर, भिंती, कपाटं, छत यांच्याकडून येणारं सगळं मात्र तसंच राहतं. दोन्ही कॉम्प्लेक्स आकड्यांची वजाबाकी केली की न बदलणारं सगळं कटतं आणि उरतो तो पॅनलच्या वाट्याचा दुप्पट. आरशाच्या कोनात ही वजाबाकी मोठी यायला हवी. ती शून्याच्या जवळ आली तर दोष हार्डवेअरमध्ये आहे, तिथे शोधा. मोठी आली तर पॅनल जिवंत आहे, मांडणीकडे वळा. आरशाचा कोन वाढ दाखवायला वाईट, पण ही चाचणी करायला तोच सर्वांत चांगला.

हीच वजाबाकी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला करा. मुलांना वाटतं पॅनल ५.८ साठी डिझाइन केलं म्हणजे ते ५.८ लाच चालणार. सिम्युलेशनमध्ये एफआर-४ चा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.४ टाकलेला असतो. हातात आलेला बोर्ड ४.२ चा असू शकतो, ४.६ चाही. ४.६ निघाला तर रेझोनन्स (घटक सर्वांत जास्त प्रतिसाद देतो ती फ्रिक्वेन्सी) सव्वाशे मेगाहर्ट्झच्या आसपास खाली सरकतो. मग ५.८ वर दोन अवस्थांमधला फेजचा फरक १८० अंश उरत नाही. तो ९० अंशांवर आला तर पॅनलचा वळवता येणारा भाग ३ डीबीने घटतो, ४० अंशांवर आला तर नऊ डीबीहून जास्त. वजाबाकी कुठल्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत मोठी आहे ते पाहा आणि प्रयोग तिथे न्या. बोर्ड पुन्हा छापायची गरज नाही.

व्हीएनए नसेल आणि नुसती पॉवर मोजता येत असेल, तर पाचशे यादृच्छिक नमुने टाकून आकड्यांचा पसारा पाहा. थेट वाट उघडी असताना, वरच्या गणितातल्या अंतरांना, हा पसारा अर्धा-पाऊण डीबीच असतो. वाय-फाय कार्डाचा आरएसएसआय (मिळालेल्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा) एकेका डीबीच्या पायरीने चालतो, त्याला हा बदल दिसतच नाही. थेट वाट अडवली की तेच आकडे दहा-दहा, पंधरा-पंधरा डीबीने खालीवर नाचू लागतात. न नाचल्यास बोर्ड तपासा.

एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) वापरत असाल तर ऑटोमॅटिक गेन कंट्रोल बंद आहे ना, हे आधी बघा. ते चालू असेल तर सिग्नल कितीही वाढो, रेडिओ स्वतःचा गेन कमी करून आकडा सपाट ठेवतो. हे प्रत्येकाला माहीत असतं आणि तरी प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी दोन दिवस त्यात घालवतं.

'काल येत होतं, आज नाही'

ट्रान्समीटर म्हणून घरचा वाय-फाय राउटर वापरला असेल तर पहिला संशय चॅनलवर घ्या. राउटर 'ऑटो'वर असला की गर्दी पाहून स्वतःच चॅनल बदलतो. चॅनल १४९ म्हणजे ५७४५ मेगाहर्ट्झ, चॅनल ३६ म्हणजे ५१८०. संध्याकाळी होस्टेल ऑनलाइन आलं, राउटर १४९ वरून ३६ वर उतरला, की तुमच्या पॅनलच्या दृष्टीने तो दुसऱ्या गावाला गेला. चॅनल हाताने बांधून टाका, बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर ठेवा, राउटरचं बीमफॉर्मिंग (सिग्नल आपोआप एका दिशेला वळवणं) बंद करा.

दुसरा संशय टेबलावर घ्या. बंद खोलीत लहरी चहूबाजूंनी येतात आणि अर्ध्या तरंगलांबीत, म्हणजे अडीच सेंटिमीटरमध्ये, सिग्नल खड्ड्यातून उंचवट्यावर जातो. पॅनल नसतानाही! काल रिसीव्हर खड्ड्यात होता म्हणून पंधरा डीबी दिसले. आज झाडू मारताना टेबल बोटभर सरकलं आणि तो उंचवट्यावर आला. एका बिंदूवरच्या मोजमापावर कधीही निष्कर्ष काढू नका. रिसीव्हर तीसेक सेंटिमीटरच्या चौकटीत वेगवेगळ्या जागी ठेवून सरासरी घ्या आणि जमिनीवर टेबलाच्या पायांच्या खुणा चिकटपट्टीने करा. मोजताना खोलीत माणसं फिरू देऊ नका. हे सांगून पाळलं जात नाही, म्हणून मी दाराबाहेर पाटी लावते.

तिसरी गोष्ट वीजपुरवठ्याची. पिन डायोड चालू ठेवायला करंट लागतो. प्रत्येकी १० मिलिअँपिअर धरले तर सगळे एकवर असताना २.५६ अँपिअर. बारीक रिबन केबलमधून एवढा करंट गेला की शेवटच्या ओळींपर्यंत व्होल्टेज पुरेसं पोचत नाही आणि तिथले डायोड अर्धवट उघडतात. अर्धवट उघडलेला डायोड फेज तर नीट बदलत नाहीच, वर लहरीची ऊर्जा स्वतःच गिळतो. मल्टिमीटर पुरवठ्याच्या टोकाशी लावून समाधान मानू नका. शेवटच्या ओळीत, सगळे घटक एकवर असताना मोजा. रेग्युलेटरवर हीटसिंक नसेल तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजा.

चौथी गोष्ट शिफ्ट रजिस्टरची, म्हणजे नमुन्याचे बिट एकेक करून पुढे सरकवत डायोडपर्यंत पोचवणाऱ्या चिपची, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण हा दोष फसवा आहे. २५६ बिटसाठी ७४एचसी५९५ च्या ३२ चिप एकामागे एक जोडलेल्या असतात. क्लॉकची तार लांब असेल, प्रत्येक चिपजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर नसेल, तर मधूनच एखादी जास्तीची पल्स मोजली जाते किंवा एखादी गळते. परिणामी पुढचा सगळा नमुना एका घटकाने सरकतो. वाटतं की असं झालं तर सगळा विचका दिसेल. पण ओळींचा क्रम सगळीकडे डावीकडून उजवीकडे असेल आणि नमुना एका दिशेला किरण वळवणारा साधा पट्ट्यांचा असेल, तर एका स्तंभाने सरकलेला नमुना त्याच दिशेला किरण टाकतो! सगळ्या घटकांची फेज सारखीच बदलली, दिशा तीच राहिली. चाचणी पास होते आणि दोष लपून राहतो. बोर्डावर तारा वाचवायला ओळी नागमोडी जोडल्या असतील, एक ओळ उजवीकडे आणि पुढची डावीकडे, तर मात्र शेजारच्या ओळी विरुद्ध दिशांना सरकतात आणि किरण फुटतो. तेव्हा पट्ट्यांचा नमुना चाचणीसाठी वापरू नका. एकच घटक एकवर ठेवा, बाकी सगळे शून्यावर, आणि तो ठिपका पहिल्यापासून शेवटच्या एलईडीपर्यंत चालवत न्या. ठिपका कुठे अडखळतो ते डोळ्यांना दिसतं. क्लॉकचा वेग दहा पटींनी कमी करा. पॅनलला काही मायक्रोसेकंदांची घाई नसते.

मेलेल्या डायोडचा दोष मात्र फारसा धरू नका. शंभरातले दहा घटक अडकून पडले तरी जेमतेम एक डीबी जातो. ज्यांची वाढ पूर्ण गायब झाली आहे त्यांनी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवावी.

जवळच्या अंतरातलं भूमिती-प्रकरण

पुस्तकात नमुना काढायचं सूत्र कोनांवर असतं: लहर या कोनातून आली, त्या कोनात पाठवायची. हे सूत्र सपाट लहर गृहीत धरतं. आमच्या पॅनलचा कर्ण ५८ सेंटिमीटर; त्याच्या वर्गाच्या दुपटीला तरंगलांबीने भागलं की १३ मीटर येतात. त्याच्या अलीकडे लहर सपाट धरता येत नाही, आणि आमची प्रयोगशाळाच मुळी ९ मीटर लांब आहे.

३ आणि ४ मीटरला कोपऱ्यातला घटक मध्यातल्या घटकापेक्षा एकूण १७४ अंश मागे पडतो, म्हणजे जवळपास उलटा. तरीही एकूण तोटा दोन डीबीच्या आतच राहतो, कारण कोपऱ्यांत घटक थोडे. पण सिग्नल वाढावा म्हणून मुलं हॉर्न ओढून पॅनलपासून १ मीटरवर आणतात. मग तोटा एकदम आठ-नऊ डीबी होतो आणि सगळे चक्रावतात: जवळ आणूनही हवं तेवढं वाढलं का नाही? उपाय साधा आहे. कोन विसरा. प्रत्येक घटकापासून हॉर्नपर्यंतचं आणि रिसीव्हरपर्यंतचं अंतर मीटरपट्टीने घेतलेल्या निर्देशांकांवरून काढा, दोन्हींची बेरीज करा, तिला तरंगलांबीने भागून उरलेल्या भागावरून शून्य की एक ते ठरवा. कोडमध्ये चार ओळींचा बदल आहे. निर्देशांक मात्र सेंटिमीटरपर्यंत अचूक हवेत, आणि हॉर्नचं अंतर त्याच्या पाठीमागच्या कनेक्टरपासून मोजू नये.

नमुना शिकवताना

एकेक घटक उलटवून 'वाढलं का?' असं विचारत जाणारा कोड बहुतेक जण पहिल्यांदा लिहितात. तो गोंगाटात हरवतो. सगळं जुळलेलं असताना २५६ पैकी एक घटक उलटला तर पॉवर ०.०७ डीबीने बदलते. हे कुठल्या मीटरला दिसणार?

आरफोकसची पद्धत मला यासाठी फार आवडते. यादृच्छिक नमुने टाकायचे, प्रत्येक वेळी फक्त पॉवर लिहायची. मग प्रत्येक घटकासाठी पाहायचं: हा एकवर असताना सिग्नल मध्यकाच्या वर जास्त वेळा गेला, की शून्यावर असताना? ज्या बाजूला मतं जास्त, ती अवस्था कायम. फेज मोजावी लागत नाही, एका मोजमापात सगळ्या घटकांची माहिती मिळते. घटकांच्या संख्येच्या काही पट नमुने घ्या, शे-दोनशेवर थांबू नका. फेज मोजता येत असेल तर हाडामार्ड नमुने (प्रत्येक घटकाचा वाटा वेगळा काढता यावा असे ठरावीक एक-शून्यांचे संच) आणखी चांगले. २५६ ही दोनाची घात असल्याने ते नेमके बसतात. पण एसडीआरवर फेज मोजायची तर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोघांना एकच १० मेगाहर्ट्झचा संदर्भ द्या. दोघांची घड्याळं वेगवेगळी असतील तर फेज वाहत जाते आणि तुम्ही पॅनलऐवजी क्रिस्टलचं तापमान मोजत बसता.

पॅनल मोठ्या जागेत लावणार असाल तर ते मधोमध ठेवू नका. अंतरांचा गुणाकार महत्त्वाचा. एकूण १०० मीटरच्या वाटेवर मध्यभागी गुणाकार २५०० येतो. एका टोकापासून २ मीटरवर ठेवलं तर १९६. फरक २२ डीबीचा. आणि रिसीव्हरची अँटेना आडवी-उभी फिरवून पाहा. एका डायोडचा चौकोन सहसा एकाच पोलरायझेशनला (लहरीच्या कंपनाच्या दिशेला) काम करतो, मोबाइल हातात आडवा झाला की पॅनल त्याला दिसेनासं होतं.

त्या चौघांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. रिसीव्हर आरशाच्या कोनातून बाहेर आला, मध्ये लोखंडी कपाट आलं, वजाबाकी ५.८ ऐवजी थोडी खाली मोठी निघाली म्हणून फ्रिक्वेन्सी तिथे नेली. तरी अपेक्षेपेक्षा कमीच येत होतं. ठिपका चालवल्यावर तो नवव्या ओळीच्या सुरुवातीला एक घर खाऊन पुढे गेला. क्लॉक हळू केला, तारेला ग्राउंडची तार गुंडाळली. मग नमुना टाकला आणि स्पेक्ट्रम ॲनालायझरवरचा सुळका वर आला.

मी म्हटलं, आता एकाने पॅनल आणि रिसीव्हर यांच्या मधून चालत जा. वाढ पॅनलमुळे आहे की आणखी कशामुळे, याचा हा शेवटचा पुरावा. आड आल्यावर सुळका पडायला हवा. एक जण गेला, सुळका खाली बसला. तो बाजूला झाला, पुन्हा उभा राहिला. मग दुसरी गेली, मग तिसरा. दाराबाहेर पाटी तशीच लटकत होती आणि आत चौघंही आळीपाळीने त्या वाटेवरून फेऱ्या मारत होते.